वाड्याच्या तुळया, नऱ्ह्याचं सीएनसी आणि बिनखिळ्याचा झोपाळा

सदाशिव पेठेतला एक वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. उतरवलेल्या सागवानापैकी बरंचसं भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे गेलं, पण घरातल्या काकूंनी पाच-सहा तुळया अडवून ठेवल्या कारण त्यांना माजघरातला झोपाळा नव्या फ्लॅटमधे हवाच होता. नवा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, आणि बिल्डरचा माणूस म्हणाला स्लॅबला हुक मारायचा नाही, आतून वायरिंगचे पाइप गेलेत. हुक मारू दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता झोपाळ्याला स्वतःच्या पायावर उभा राहणारा सांगाडा पाहिजे, तो याच तुळयांचा पाहिजे, स्क्रू-बोल्ट दिसता कामा नये, आणि सगळा सुटा होऊन लिफ्टमधून किंवा जिन्याने जायला पाहिजे. आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे, "अरे, त्याला रंधा मारून गुळगुळीत करू नका हं, ते वाकशीचे घाव दिसायला हवेत मला." वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं जुनं हत्यार.

ही शेवटची अट ऐकायला भावनिक वाटते पण सगळं प्रकरण तिच्याभोवतीच फिरलं, कसं ते पुढे येईलच.

माणसं तीन. आप्पा, सत्तरी ओलांडलेले सुतार, ज्यांनी जुन्या वाड्यांची दुरुस्ती भरपूर केलेली. नऱ्ह्यातल्या एका शेडमधला सीएनसी राउटरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, पोरगा पंचविशीचा, रोजचं काम किचनचे शटर आणि देवघराच्या एमडीएफ जाळ्या. आणि मी, ड्रॉइंग करणारा आणि पेठेतून नऱ्ह्याला लाकडं घेऊन जाणारा. मशीन साधं थ्री ॲक्सिस, आठ बाय चार फुटाचा बेड, म्हणजे बिट (फिरून कापणारं पातं) उभाच राहतो, तिरका होत नाही. काही ठिकाणी पाच ॲक्सिसची मशीन्स असतात पण एका झोपाळ्यासाठी तेवढं भाडं कोण देणार.

आधी वजनाचं बघू, कारण झोपाळा म्हणजे टेबल नाही. दोन मोठी माणसं मिळून दीडशे किलो धरा आणि झोका उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत जातो असं धरा. खालून जाताना साखळ्यांवर ओढ येते साधारण १९० किलोची, हे सगळ्यांना जाणवतं. जे जाणवत नाही ते म्हणजे टोकाला पोचल्यावर वरच्या आडव्या तुळईला बाजूने बसणारा ढकला, तो जवळपास ६५ किलोचा, एकदा पुढे एकदा मागे, आणि दीड-पावणेदोन मीटरच्या साखळ्या असतील तर एक अख्खा झोका अडीच सेकंदांत होतो. म्हणजे दुपारभर कोणी बसलं तर सांध्यांना शेकडो वेळा इकडून तिकडून हिसका. तुळई २.१ मीटर उंचीवर, सांगाडा सव्वाशे किलोचा, तर तो उलटू नये म्हणून खालची बैठक निदान सव्वा मीटर लांब पाहिजे असा हिशोब आला, आम्ही १.६ मीटर ठेवली कारण नातवंडं ३० अंशांवर थांबणारी नाहीत.

अशा हिसक्यांखाली स्क्रू हळूहळू लाकडातली जागा मोठी करतो आणि मग तो कितीही पिळा, धरत नाही. पाचरीचा सांधा ढिला झाला तर हातोडीचा एक ठोका आणि परत घट्ट. म्हणून रचना अशी ठरली, दोन बाजूंना इंग्रजी ए सारखे सांगाडे, खाली १.६ मीटरच्या जाड तुळया, त्यात पायांची कुसवं, म्हणजे टोकाला कापलेल्या जिभा, बसणार, मधे आडवं लाकूड, आणि वरची तुळई दोन्ही बाजूंनी आरपार बाहेर येऊन तिच्यात पाचर. मॉर्टाईज आणि टेनन म्हणजे आप्पांच्या भाषेत भोक आणि कुसू. मागच्या पायाला झोक्याबरोबर वरच्या बाजूला ओढ येते, म्हणून खालच्या कुसवांतून आडवी खुंटी.

कागदावर हे सगळं छान दिसत होतं कारण कागदावर प्रत्येक लाकूड १२० बाय १२० होतं.

प्रत्यक्षात एकच तुळई एका टोकाला ११८ आणि दुसऱ्या टोकाला १३१ मिमी, मधे पोट, थोडा पीळ, शिवाय जुन्या खाचा, कुठे खिळ्याचं भोक, कुठे चुन्याचे डाग. वाकशीने तासलेलं लाकूड असंच असतं आणि वाड्यात त्याने काही बिघडत नव्हतं. आता रंधा मारून सगळं १०० बाय १०० केलं असतं तर कॉम्प्युटरवालं ड्रॉइंग जसंच्या तसं चाललं असतं, पण काकूंची अट. त्यामुळे एकीकडे मिमीच्या दहाव्या भागाचं बोलणारं मशीन आणि दुसरीकडे तेरा मिमीने बदलणारं लाकूड.

आधी एका भंगार वाकड्या वाशावर ट्रायल घेतली. शेडमधली नेहमीची पद्धत म्हणजे लाकडाचा डावा खालचा कोपरा झीरो, म्हणजे मशीन सगळी मापं तिथून घेणार. प्लायच्या शीटला हे बरोबरच आहे, शीटचा कोपरा खरोखर काटकोनात असतो. पण कुसू करायला लाकूड आडवं ठेवून एका बाजूने अर्धं कापायचं, मग उलटं करून दुसऱ्या बाजूने अर्धं, आणि उलटं केल्यावर झीरो जर कडेवरून घेतला तर कडेचा वाकडेपणा दोन्ही वेळा मोजला जातो. वाशाची कड दोन मिमी बाहेर होती, कुसू चार मिमीने एका अंगाला सरकलं. ऑपरेटर म्हणाला मशीन ०.१ मधे आहे, आणि ते खरंच होतं, मशीनने सांगितलेल्या जागीच कापलं होतं.

आप्पा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि मग त्यांनी विचारलं, "पोरा, तू कड का धरतोस? कड कुणाच्या भरवशाची असते?"

त्यांची पद्धत म्हणजे आधी तुळई दोन ठोकळ्यांवर ठेवायची, दोन्ही टोकांवर ओळंब्याने उभी रेघ घ्यायची, मग गेरूत बुडवलेलं सूत ताणून चारही अंगांवर मधली रेघ मारायची. त्यानंतर सगळी मापं त्या रेघेपासून, कडेपासून एकही नाही. तुळई केळ्यासारखी वाकडी असली तरी मधली रेघ सरळच, आणि सांधे एकमेकांशी त्या रेघेवर भेटतात, बाहेरचं लाकूड कसंही असो. मग आम्ही तेच मशीनवर नेलं. रेघेवरच, वाया जाणाऱ्या टोकांकडच्या भागात, दोन दोन भोकं पाडली, बेडवरच्या एमडीएफच्या शीटमधे मशीननेच त्याच अंतरावर दोन पिना बसवायच्या जागा केल्या, आणि तुळई त्या पिनांवर बसवायची. झीरो म्हणजे एक पिन, एक्स ॲक्सिस म्हणजे दोन पिनांमधली रेघ. उलटं केलं तरी रेघ तीच. दोन बाजूंनी कापताना पिना वापरणं सीएनसीवाल्यांना नवं नाही, फक्त त्या पिना कुठे लावायच्या हे सुताने सांगितलं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणात खरं डिझाइन एवढंच आहे. लोक विचारतात सॉफ्टवेअर कुठलं, बिट कुठला, आणि ते विचारावंच, पण हात आणि मशीन यांना एकत्र काम करायचं तर दोघांनी माप एकाच ठिकाणाहून घेतलं पाहिजे, ते ठिकाण जर चुकलं तर पुढचा सगळा काटेकोरपणा फुकट जातो.

रेघेने जागा मिळाली पण खांदा अजून राहिला, म्हणजे कुसवाच्या मुळाशी जो सपाट भाग दुसऱ्या लाकडावर टेकतो तो. समोरचं लाकूडच वरखाली असेल तर खांदा कुठे टेकणार? यावर अमेरिकेतल्या लाकडी घरं बांधणाऱ्या सुतारांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच तोडगा काढला होता, वाकड्या तुळईच्या आत एक सरळ, थोडी लहान तुळई दडलीये असं धरायचं, आणि फक्त सांध्याच्या जागी तिच्यापर्यंत खोदून सपाट बैठक करायची. आम्ही १२० च्या आसपासच्या तुळईत ११० ची मनातली तुळई धरली, मशीनने प्रत्येक भोकाभोवती तेवढी सपाट बैठक खोदली, आणि बाकी पृष्ठभागाला हातही लावला नाही. वाकशीचे घाव शाबूत, खांदे टेकलेले. हे काम मशीन भन्नाट करतं, हाताने एवढ्या बैठका एका पातळीत आणायला आप्पांना सुद्धा फार वेळ गेला असता, ते त्यांनीच कबूल केलं.

आता जिथे मशीन अडतं तिथे येऊ. गोल फिरणारा बिट आतला कोपरा चौकोनी काढूच शकत नाही, १२ मिमीचा बिट असेल तर कोपऱ्यात ६ मिमीची गोलाई राहणार. यावर नेटवर दिसणारा उपाय म्हणजे कोपऱ्यात बिट थोडा बाहेर नेऊन हाडाच्या टोकासारखी गोल खळी पाडायची, प्लायच्या फर्निचरला चालून जातं, पण या लाकडावर ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसलं असतं. दुसरा उपाय कुसवाच्या कडाच गोल करायच्या, यात ताकदीला फारसा धोका नाही, मी त्या बाजूचा होतो. आप्पा ऐकेनात. शेवटी कोपरे पटाशीने काढायचे ठरलं, आणि खरं सांगायचं तर ते किरकोळ काम निघालं कारण चारही भिंती मशीनने सरळ दिलेल्या असल्यामुळे पटाशीला टेकायला आधार होता.

तिरक्या भोकांवर मात्र खरा वाद झाला. पाय १८ अंशांच्या आसपास कललेले. मशीनला सोपं काय, तर तळाच्या तुळईत भोक उभं पाडायचं आणि पायाच्या टोकाला कुसूच तिरकं कापायचं, लाकूड आडवं पडलेलं असतं त्यामुळे तिरकं कुसू म्हणजे फक्त एक वेगळी आउटलाइन. पण तसं केलं की कुसवातले रेषे, म्हणजे लाकडाचे तंतू, तिरके होतात, काही रेषे मुळातून निघून मधेच बाजूला संपतात, आणि हिसका बसला की कुसू तिथूनच चिरतं. आप्पांचं म्हणणं रेषा पायातून कुसवात सरळ गेली पाहिजे, तिरकं व्हायचंय ते भोकाने व्हावं. आणि ते शंभर टक्के बरोबर होते. पण १.६ मीटरची तुळई बेडवर १८ अंश उचलली तर एक टोक अर्धा मीटर वर जातं, मशीनच्या गॅन्ट्रीखाली, म्हणजे बिट धरणाऱ्या वरच्या आडव्या पुलाखाली, तेवढी जागा नाही. मग भोकाच्या ज्या दोन भिंती उभ्याच राहतात त्या पूर्ण मशीनने, मधला माल दोन्ही बाजूंनी पायऱ्या पायऱ्यांनी मशीनने, आणि तिरक्या दोन भिंती हाताने. त्यासाठी मशीनवरच १२ मिमी प्लायचा १८.४ अंशांचा त्रिकोण कापून घेतला, आप्पा तो बाजूला ठेवून पटाशी त्याला समांतर चालवायचे. ऑपरेटर पोरगा हे बघायला आपणहून शेडबाहेर येऊन बसायला लागला.

बसणीचा हिशोब सगळ्यात मजेचा. फाइलमधे सहसा एकच आकडा टाकतात, सगळीकडून ०.२ मिमी ढिलं. लाकडाला हे पटत नाही. साग पूर्ण ओला ते पूर्ण कोरडा होताना वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्यातून बाहेरच्या दिशेने २.५ टक्के आकसतो, रेषेच्या लांबीत जवळपास शून्य. पुण्यात एप्रिल-मेचा कोरडेपणा आणि जुलै-ऑगस्टचा दमटपणा यात लाकडातली ओल चारेक टक्क्यांनी बदलते असं धरलं तर ८० मिमी रुंदीचं कुसू पावसाळ्यात अर्धा-पाऊण मिमीच्या आसपास फुगू शकतं. ते ज्या भोकात आहे त्याची लांबी मात्र तळाच्या तुळईच्या रेषेच्या दिशेने, ती वाढत नाही. म्हणजे मे महिन्यात गच्च बसवलेलं कुसू जुलैत तुळई फाडू शकतं. म्हणून जाडीच्या बाजूने गच्च, मशीनला ०.१, आणि रुंदीच्या बाजूने ०.६ मोकळं. आप्पांच्या भाषेत जाडीला "रेघ ठेवून", रुंदीला "रेघ खाऊन, वर पाव सूत". सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा पाव म्हणजे ०.८ मिमी, माझा आकडा कॅल्क्युलेटरमधून आला आणि त्यांचा सवयीतून, फरक ०.२ चा.

पण झोका तर नेमका त्याच रुंदीच्या दिशेने हलतो ना! मोकळी जागा तिथेच ठेवली तर खडखड होणार. त्यावर भोकाच्या एका टोकाला बाभळीची बारीक पाचर, उन्हाळ्यात ठोकायची, पावसाळ्यात थोडी सोडायची. वरच्या तुळईच्या मोठ्या पाचरीही बाभळीच्याच, आठास एक उतार म्हणजे सात अंशांच्या आसपास, त्यापेक्षा उभी पाचर हिसक्याने स्वतःच बाहेर येते.

मशीनवाल्यांसाठी एक-दोन गोष्टी पटकन. सागात सिलिका असते, धार लवकर जाते, कार्बाइडचाच बिट घ्या. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा, दर धारेने ०.१ मिमी, म्हणजे मिनिटाला ३,६०० मिमी चाल येते, घाबरून फार हळू चालवलं तर बिट कापायच्या ऐवजी घासतो आणि लाकूड काळं पडतं, खोली कमी करा पण चाल नको. वरच्या कडेचे रेषे उचकटू नयेत म्हणून बाहेरची रेघ आप्पा आधी पटाशीने खोल मारून द्यायचे. आणि जुन्या लाकडात मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय बिट खाली आणूच नका, आम्हाला एका तुळईत तुटलेला खिळा मिळाला जो वरून अजिबात दिसत नव्हता.

जपानमधे हे सगळं फार पुढे गेलंय, तिथल्या लाकडी घरांचे बहुतांश सांधे आता कारखान्यातच मशीनवर कापून येतात, आणि टोकियो विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मधे त्सुगिते नावाची सिस्टिम मांडली, तिच्यात सांधा स्क्रीनवर बनवताना तो एकमेकांत सरकेल का, थ्री ॲक्सिस मशीनवर निघेल का हे लगेच कळतं, कोपऱ्यांच्या गोलाईसकट. पण तिथे लाकूड सरळ, चौकोनी येतं असं गृहीत आहे. आपल्याकडे मशीनचं वातावरण नाही असंही नाही, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनांची सगळ्यांना वापरता येणारी कार्यशाळा, २००२ साली आपल्याच जिल्ह्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. कमी पडते ती सुतार आणि ऑपरेटर एका टेबलाशी बसण्याची सोय. आर्किटेक्टच्या ऑफिसमधून फाइल थेट शेडला जाते आणि सुताराला बोलावतात ते पॉलिश करायला.

जोडणी मेच्या शेवटी झाली. सगळे तुकडे लिफ्टने गेले, वरची तुळई तेवढी जिन्याने. हातोडी आणि लाकडी मोगरी एवढ्यावर दुपारभरात सांगाडा उभा. जुलैत एका पायाकडून कुरकुर यायला लागली, काकूंचा फोन, आप्पा गेले, खालची बारीक पाचर थोडी सोडली, वरची एक ठोका मारून घट्ट केली, बंद. ते काकूंच्या मुलाला शिकवून आलेत, आता तो स्वतः करतो. एक गोष्ट मनासारखी झाली नाही, मधल्या आडव्या लाकडाची एक बैठक जुन्या खाचेला चाटून गेली आणि तिथे फट दिसते, काकूंना ती आवडते म्हणतात, मला नाही.

पैशाचं सरळ सांगतो. एकच झोपाळा करायचा असेल आणि आप्पांसारखा माणूस हाताशी असेल तर सीएनसीने पैसे वाचत नाहीत. मशीनचं तासाचं भाडं, फाइल करायचा वेळ, पिनांची तयारी, ने-आण हे सगळं धरलं तर बरोबरीतच येतं, कदाचित थोडं जास्तच. फायदा दोन ठिकाणी झाला. आप्पांच्या खांद्याला भोकं खोदायचं जड काम आता झेपत नाही, ते मशीनने उचललं, म्हणजे जे काम त्यांनी घेतलंच नसतं ते त्यांनी घेतलं. दुसरं म्हणजे फाइल. तीत तुळईची जाडी, पायाचा कल, जाडीची बसणी आणि रुंदीची मोकळीक हे वेगवेगळे आकडे ठेवलेत, बदलले की सगळे सांधे आपोआप बदलतात.

काकूंच्या नणंदेला बघून तसाच झोपाळा हवाय, पण त्यांच्याकडे वाड्याचं लाकूड नाही, नवीन साग घ्यायचाय आणि तो किती वाळलाय त्यावर मोकळीक ठरेल, तेव्हा आधी मॉइश्चर मीटर. लाकूड सरळ रंधलेलं असणार, कडेवरून झीरो घेतला तरी चालेल. ऑपरेटरला तसं म्हटलं तर तो म्हणाला नको, पिनांवरच करू, आणि आप्पांकडून गेरूची पुडी आणि सूत घेऊन गेला. कामाचे पैसे कसे वाटायचे हे अजून ठरायचंय. आप्पांचं म्हणणं, फाइलमधे त्यांचे आकडे आहेत तर पुढच्या प्रत्येक झोपाळ्यात त्यांचा थोडा वाटा असावा. मला ते पटतं, शेडच्या मालकाशी बोलणं चालू आहे.